ठराव क्रमांक सात आणि आमच्या आत्याबाई

आमच्या गावात शिव्यांवर बंदी आणली ती मी. कुणी सांगंल सरपंचबाईनं आणली, कुणी म्हणंल ग्रामसेवकाची करामत, पण ऐकून घेऊ नका. कागदावर सूचक म्हणून माझं नाव हाय, सौ. रूपा कडुबा गायके, आणि खाली माझी सही हाय, चांगली फर्राटेदार. त्या नावात नवऱ्याचं नाव आलंय म्हणून हसू नका. लिहायला चालतं. तोंडानं घ्यायची आमच्याकडं रीत नाय.

आता गंमत अशी, की शिव्यांवर बंदी आणणारी मी आणि शिव्यांचं कोठार माझ्याच घरात. माझी सासू, गीताबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते.

आत्याबाईंचं वय शहात्तर. उंची माझ्या खांद्याला लागंल न लागंल एवढी, पण आवाज असा की तालुक्याला, कन्नडच्या बाजारात बोलल्या तर आमच्या बोरमळ्यात कोंबड्या उठाव्यात. बहात्तरच्या दुष्काळात याच कन्नड-संभाजीनगर रस्त्यावर त्यांनी खडी फोडली. अजूनही जीप खड्ड्यात आदळली की म्हणतात, "हितली खडी माझी नाय. माझी असती तर अशी उखडली नसती, मुडद्यांनो!"

त्यांच्या शिव्या आईबहिणीवरून कधीच नव्हत्या, हे आधी सांगून ठेवते. त्या शिव्या कोंबडीला, गॅसच्या लायटरला, न पडणाऱ्या ढगाला आणि टीव्हीवर बातम्या देणाऱ्या पोरीला. आणि जो जीव जास्त आवडीचा, त्याला जास्त. लग्नानंतर तीन महिने त्या मला "अहो सूनबाई" म्हणायच्या, तेव्हा मी भिऊन राहायची. चौथ्या महिन्यात माझी भाकरी करपली, तेव्हा म्हणल्या, "अगं ए भवाने, ध्यान कुठंय तुझं?" त्या दिवशी मला वाटलं, चला, आता मी या घरची झाले.

लेकाची शिवी तर रोजची ठरलेली. आमच्या मालकांची काळी-पिवळी जीप हाय, बोरमळा ते संभाजीनगर. शाळा आमच्या घरासमोरच, तिथं सकाळी सातला जीप भरते. इंजिन सुरू झालं की आत्याबाई ओट्यावर येणार, दोन्ही हात कमरेवर ठेवणार आणि ओरडणार, "कडूऽऽ! जा, मर तिकडं!" मग मालक हॉर्न वाजवणार, एकदाच, आणि गाडी हलणार. हा त्या मायलेकांचा रामराम. पंचवीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता.

परक्याला वाटावं, काय ही आई! पण कडू म्हणजे त्यांचं नावच हो, कडुबाचं कडू. आणि आमच्याकडं कडू ही शिवीसुद्धा हाय. तुम्हाला ठाऊक असंल. नसंल तर कुणाला विचारत बसू नका.

बंदीचं निमित्त झालं अंगणवाडीतली संस्कृती. चार वर्षांची पोर. रत्नमालाताई आमच्या अंगणवाडीच्या सेविका. एक दिवस त्यांच्या देखत त्या पोरीच्या हातातून बाहुली पडली, तर पोरीनं बाहुलीला आईवरून अशी एक हासडली की रत्नमालाताईंच्या हातातला खिचडीचा डाव तसाच राहिला. "कुठं शिकली गं?" तर म्हणती, "पारावर." पार अंगणवाडीच्या समोर, शाळेला लागून, आणि पारावर दिवसभर सर्जेराव आणि मंडळी. सर्जेराव वाईट माणूस नाय. पण त्याचं वाक्य शिवीबिगर सुरू व्हायचं नाय आणि दुसऱ्या शिवीबिगर संपायचं नाय. मधी जागा उरली तर मुद्दा.

रत्नमालाताई माझ्याकडं आल्या. "रूपाताई, पारावर जाऊन भांडलो तर अजून चार शिव्या ऐकून येऊ. पंचवीस जानेवारीला महिला ग्रामसभा हाय. आपण ठराव मांडू." त्यांच्या घरात भिंतीवर घटनेची उद्देशिका लावलीय, आणि ती नुसती भिंतीवर नाय. त्या अनुमोदक झाल्या, मी सूचक. बायकांनी एका दमात पास केला आणि दुसऱ्या दिवशी, सव्वीस जानेवारीला, तो मोठ्या ग्रामसभेत आला. विषय क्रमांक सात.

आमची ग्रामसभा म्हणजे काय, तर झेंडा, बुंदी आणि 'सर्वानुमते मंजूर'. ग्रामसेवक वाचतो, माणसं बुंदीच्या पातेल्याकडं बघत हात वर करतात. मागच्या साली एकच इतिवृत्त चुकून दोनदा वाचलं गेलं. दोन्हीदा मंजूर झालं.

यंदाचा ग्रामसेवक नवीन होता, अभय म्हणून. संभाजीनगरच्या गारखेड्यातला पोरगा, बोलणं स्वच्छ, शर्टाला इस्त्री. त्यानं विषय वाचला आणि आधी शिक्षेवरून सुरू झालं. सरपंच आशाबाई म्हणल्या, जो शिवी देईल त्यानं चावडी झाडायची. झालं, हात वर व्हायला लागले. तेवढ्यात रत्नमालाताई उठल्या.

"झाडणं ही शिक्षा कशी काय? मग गाव रोज झाडणाऱ्या बाईनं काय गुन्हा केलाय?"

पिढ्यान् पिढ्या कुणाला झाडायला लावलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. वर गेलेले हात हळूहळू खाली आले. मग असं ठरलं, की शाळेच्या आवारातली रोपं दर उन्हाळ्यात वाळून जातात, शिवी देणाऱ्यानं त्यांना हातपंपावरून दहा बादल्या पाणी घालायचं. साठीच्या वरच्यांना दोन बादल्या. बदली माणूस चालणार नाय.

"आणि नाय घातलं तर? पोलीस येणार का?" सर्जेरावानं विचारलं.

"नाही. हा शासनाचा कायदा नाही, गावाचा ठराव आहे," अभय म्हणाला.

"मग पाळायचा कशाला?"

"तू हात वर केलास म्हणून," रत्नमालाताई म्हणल्या.

सर्जेराव गप बसणारा नव्हता. "बरं, शिवी म्हणजे नेमकी कंची? यादी पाहिजे. यादीबिगर कायदा कसला?" खोडा घालायला बोलला तो, पण अभयला पटलं. त्यानं नवीन पान काढलं. "बरोबर आहे. शब्द सांगा, मी लिहितो."

अगं बाई! तो अर्धा तास मी जन्मात विसरणार नाय. प्रजासत्ताक दिन, वर झेंडा फडफडतोय आणि खाली अख्खं गाव एकेक करून उठून शिव्या सांगतंय. आधी कुणी तोंड उघडंना. मग एक म्हातारेबुवा लाजत लाजत एक बोलले, आणि गाडी जी सुटली! "ही राहिली!" "ती लिहिली का?" "साहेब, हिच्यात दोन प्रकार असतात." अभयचे कान लालबुंद, पण हात थांबंना. वळणदार अक्षर, प्रत्येक शब्दापुढं नंबर. सोळापर्यंत आला. त्या सोळा माझ्या तोंडून ऐकायची आशा सोडा.

आणि नेमके तेव्हाच आमचे मालक जीप लावून आले आणि बायकांच्या पुढं उभे राहिले. मागून कुणीतरी खेकसली, "ए कडू! बाजूला हो, दिसत नाय!"

अभयनं मान वर न करता लिहिलं, 'सतरा, कडू'.

एकेचाळीस शब्दांची यादी झाली. त्यानं ती भरभर वाचली, पण तोवर बुंदीचं झाकण उघडलं होतं. सर्वानुमते मंजूर. हात वर करणाऱ्यांत आत्याबाई होत्या, मी होते आणि आमचे मालकसुद्धा होते. तक्रार समितीची अध्यक्ष म्हणून मला नेमलं. मी चार दिवस मान ताठ करून फिरले.

पहिला महिना झाडांची चंगळ. सर्जेरावाच्या एकट्याच्या चौदा पाळ्या झाल्या, म्हणजे एकशे चाळीस बादल्या. त्याच्या वाट्याच्या चिंचेला अशी पालवी फुटली की मास्तर पोरांना ती दाखवायला न्यायचे. मग माणसं शहाणी झाली. भाज्यांवर आली. "अय दोडक्या!" "थोबाड बघ भोपळ्याचं!" दोघं म्हशीवरून भांडताना एक म्हणला, "तुझा ठराव सात!" आणि दुसरा त्याच्या अंगावर धावून गेला. समितीपुढं प्रश्न, आता 'ठराव सात' ही बेचाळिसावी शिवी धरायची का? आम्ही दोन तास बसलो आणि चहा पिऊन उठलो.

पण खरं ते सांगते, पार बदलला. माणूस शिवीच्या जागी येऊन थांबायचा, आणि थांबला की विचार करायचा. दोघं सख्खे भाऊ बांधावरून भांडायला म्हणून आले, शब्दच सापडंनात, शेवटी मोजणी करून घ्यायचं ठरवून गेले. आणि संस्कृती बाहुलीला म्हणायला लागली, "पडली का गं दोडके?" रत्नमालाताईंनी मला घरी येऊन सांगितलं. लई बरं वाटलं मला.

आमच्या मालकांचं मात्र नाव गेलं. आधी जीप सुटली की मागून पळत येणारा माणूस ओरडायचा, "कडू, थांब!" आता पळता पळता "ओ... अहो... जीपवाले" म्हणेस्तोवर गाडी वळणावर. कडुबा म्हणायची कुणाला सवय नव्हती, आणि घाईत 'बा' राहिला तर दहा बादल्या. मग पोरांनी युक्ती काढली. यादीतला नंबर. "ए सतरा, थांब!" आठ दिवसांत मालकांचं नाव सतरा पडलं. ते आपले हसायचे. "चालतंय की, माणसं बसली म्हंजी झालं." नावाच्या अगदी उलट स्वभाव. माझं काहीच अडलं नाय. मी त्यांना 'अहो' म्हणते, आणि 'अहो' यादीत नव्हतं.

आत्याबाई रोज सातला ओट्यावर येऊन ओरडायच्या त्या ओरडायच्याच. महिनाभर सगळ्यांनी कानाडोळा केला. मग सर्जेरावाची पंधरावी पाळी आली. हातात बादली घेऊन तो शाळेत उभा, आणि समोरून, "कडूऽऽ! जा, मर तिकडं!"

सर्जेरावानं बादली खाली ठेवली. "समिती अध्यक्ष! सतरा नंबर, माझ्या कानानं ऐकला. कायदा सगळ्यांना सारखा का एकट्या सर्जेरावाला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बरोबर होतं ना त्याचं! दुपारी ग्रामपंचायतीत समिती बसली, समोर आत्याबाई. मी म्हणलं, हे नाव हाय. सर्जेराव म्हणला, "नाव कडुबा हाय. कडुबा म्हणा की, कोण अडवतंय? यादीत कडू हाय." मी अभयला म्हणलं, चूक तुमची, खोडून टाका. त्याचा चेहरा एवढासा झाला. "काकू, चूक माझीच आहे. पण गावानं मंजूर केलेलं मी एकटा कसं खोडू? आज मी हे खोडलं, तर उद्या कुणी काहीही खोडेल. एक मेच्या ग्रामसभेत दुरुस्ती आणा." मग आत्याबाईंना खूश करायला म्हणून म्हणाला, "तोपर्यंत राजा म्हणा ना, आजी. किती गोड वाटेल!"

आत्याबाई उठल्या. शाळेत गेल्या, दोन बादल्या घातल्या आणि घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी सातला इंजिन सुरू झालं. त्या ओट्यावर आल्या, हात कमरेवर ठेवले, तोंड उघडलं आणि मिटलं. मालकांनी वाट बघितली. हॉर्न वाजलाच नाय. गाडी तशीच गेली.

त्या दिवसापासून बाई दिवसभर ओट्यावर. डोळे रस्त्याकडं. जीप परत आल्याबिगर घास तोंडात घालायच्या नाय. कोंबडी पायात आली तरी गप. घरात एवढी शांतता की मला कामं सुचंनात. चौथ्या दिवशी मी म्हणलं, "आत्याबाई, पूर्ण नाव घेऊन हाक मारा की. त्यात काय एवढं?"

"कडुबा शाळेच्या दाखल्यावरचं हाय."

"मग राजा म्हणा."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी हातातलं सूप खाली ठेवलं.

"याच्या आधी तीन गेले, तुला ठाऊक हाय," त्या म्हणल्या. "पोरगी अकराव्या दिवशी. दुसरा सहा महिन्यांचा. तिसरा दीड वर्षाचा झाला, दुडूदुडू पळायला लागला. त्याचं नाव राजा. मी खडी फोडायला जायची, तिथं झोळी बांधायची, आणि सगळ्या बायकांत लाडानं हाक मारायची. राजाऽ, माझा राजाऽ. लई गोड हाक मारली गं मी. कुणाला तरी ऐकू गेली."

मी त्यांच्याजवळ सरकून बसले.

"हा चौथा. सुईणीनं याच्या जिभेला कडुलिंबाचा पाला लावला. म्हणली, गीते, ह्याला कडू म्हण. रोज म्हण, मोठ्यानं म्हण. कडू घास कुणी गिळत नसतंय, थुंकून टाकतंय. एक्कावन्न वर्षं म्हणते मी. एक्कावन्न वर्षं ते थुंकून टाकतंय. आता तुझा कायदा म्हणतो, गप. त्या रस्त्यावर ट्रक काय कमी हायत का?"

सव्वीस वर्षं मी समजत होते, या बाईच्या जिभेला हाड नाय. मला रडू आलं. मी डोळ्याला पदर लावला आणि म्हणलं, धूर झालाय. आत्याबाई म्हणल्या, "गॅसचा?"

अकराव्या दिवशी त्यांनी तोड काढली. लुगडं बदललं आणि जीपमधी पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. रत्नमालाताई बैठकीला निघाल्या होत्या, त्यांनी मला सगळं सांगितलं. गावाच्या शिवेवरचा 'धन्यवाद, पुन्हा या' असा फलक मागं पडला, आणि बाईंनी अकरा दिवसांची थकबाकी काढली. "कडू! कडू मेल्या! कडू, जा मर! कडू, गाडी हळू घे!" आमचे मालक एका हातानं डोळे पुसतायत, एका हातानं हॉर्न वाजवतायत. माणसांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. संभाजीनगरच्या स्टँडवर पण तेच. शेजारच्या जीपवाल्यानं विचारलं, "क्या कडूभाय, अम्मा आज बहोत खुश है?"

ठराव शिवेपर्यंतच होता, बाहेर काही चालत नव्हता. पण चार दिवस जाऊन येऊन बाईंची कंबर धरली. पाचव्या दिवशी जीपच्या पायरीवर पाय चढंना. मालक म्हणले, "माय, ऱ्हाऊ दे. मला काय होत न्हाय." आत्याबाई म्हणल्या, "त्याला पण काय होत नव्हतं." आणि परत ओट्यावर जाऊन बसल्या. मला रात्रंदिवस एकच घोर, एक मे उगवेस्तोवर ही बाई टिकते का नाय.

मग एक दिवस सकाळी साडेसहाला मला हातपंपाचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर शाळेत आत्याबाई. दोन बादल्या, अर्ध्या अर्ध्या भरलेल्या. कुंपणापाशी एक कडुलिंबाचं रोप वाळायला आलं होतं, त्याच्या बुडाशी एक ओतली, दुसरी ओतली. बादल्या पालथ्या घातल्या. पदरानं तोंड पुसलं आणि सातला इंजिन सुरू झालं तशा रस्त्यावर आल्या. पारावर सर्जेराव बसलेला.

"सर्जेराव, नीट बघ. शिक्षा भोगून झाली. आता गुन्हा करते." आणि कमरेवर हात ठेवून, "कडूऽऽ! जा, मर तिकडं!"

हॉर्न वाजला.

अभयनं ठराव तीनदा वाचला. शिक्षा गुन्ह्याच्या नंतरच भोगायची, असं कुठंच लिहिलं नव्हतं.

तेव्हापासून रोज. आधी पाणी, मग हाक. एप्रिलमधी हातपंप पन्नास दांडे मारल्यावर नुसता खाकरायचा, साठाव्याला पाण्याची धार यायची. शहात्तर वर्षांची बाई, दांड्याला लोंबकळल्यासारखी दिसायची. मी हात लावायला गेले की ओरडायची, "बदली माणूस चालत नाय, तूच लिहून दिलंय!" पारावरची मंडळी खाली माना घालायला लागली. एक दिवस सर्जेराव उठून आला. "मावशी, मी तक्रार मागं घेतो."

"मागं घेऊन काय करू? हात मी पण वर केला होता."

सर्जेराव घरी गेला. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन त्यानं अर्ज दिला. जन्मातला पहिला.

एक मे उजाडला. झेंडा, बुंदी. विषय क्रमांक तीन, ठराव सातमधी दुरुस्ती, सूचक सर्जेराव. 'कडू हे नाव असून शिवी नाही, सबब सतरा क्रमांक यादीतून वगळावा.' अभयनं सावकाश वाचलं, शब्द न् शब्द. सगळे हात वर. माझा पण. अभय हसत हसत लिहायला लागला, "सर्वा..."

"माझा विरोध हाय."

आत्याबाई उभ्या राहिल्या होत्या. सगळी सभा माना वळवून बघायला लागली. आमचे मालक म्हणले, "माय, आगं तुझ्यासाठीच चाललंय हे!"

"तू गप, कडू." मग सभेकडं वळल्या. "तुम्ही इतक्या जणांनी हात वर करून ठरवलं की कडू ही शिवी नाय. मग ते गोड झालं की! गोड झालं तर माझ्या लेकराला त्याचा काय उपयोग?"

आधी हसले लोक. मग जुन्या बायकांनी हसायचं थांबवलं, त्यांना ते तीन ठाऊक होते. मग सगळेच थांबले.

अभय त्यांच्याजवळ आला. "आजी, बहुमत आहे, दुरुस्ती होणारच. तुमचा विरोध नको लिहायला. सर्वानुमते लिहिलं की छान दिसतं."

आता माझं डोकं फिरलं. माझा हात दुरुस्तीच्या बाजूनं वर होता. तो तसाच वर ठेवून मी उठले. "छान दिसायला काय फोटो काढायचाय का? आत्याबाईंनी हात वर केला तेव्हा लिहिलं ना, मग आता विरोध केला तर तोही लिहा. आणि हात मोजा. आजवर कधी मोजलेत का तुम्ही?"

मोजले. गावात पहिल्यांदा हात मोजले गेले. अर्धा तास लागला, कारण सर्जेराव दोनदा मोजला गेला. बाजूनं एकशे बारा. विरोधात एक, गीताबाई. आत्याबाई पुढं गेल्या, म्हणल्या, कुठं लिहिलंय दाखव. अभयनं दाखवलं. त्यांना वाचता येत नाय, पण त्या ओळीवरून त्यांनी बोट फिरवलं आणि मग बुंदी घेतली.

कायदा बदलला. मालक पुन्हा कडू झाले. पण आत्याबाईंनी बादली काय सोडली नाय. मी लई समजावलं, आता शिक्षा नाय, आता कुणी काही म्हणत नाय. "तुमच्या लेखी गोड झालं," त्या म्हणल्या, "माझ्या लेखी कडूच. मी किंमत देऊन घेते." रोज दोन बादल्या त्या लिंबाला. मे महिन्यात त्याला तांबूस कोवळी पानं आली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांची कंबर पुन्हा धरली, ती अशी की बाजेवरून उठता येईना. डॉक्टर म्हणले, महिनाभर हलायचं नाय. सातला समोर इंजिन सुरू झालं. आत्याबाई भिंतीला धरून उठायला बघतायत आणि परत पडतायत.

"रूपे, तू जा."

"पाणी घालते की."

"आणि हाक?"

"मी? अहो, मी कसं घेऊ त्यांचं नाव?"

"नाव कुठं घेतेस, शिवी दे."

"ग्रामसभेनं ठरवलंय ना, ती शिवी नाय, नाव हाय!"

"म्हणून तर विरोध केला होता, भवाने!" त्या म्हणल्या. त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. "जा गं. गाडी निघंल."

मी गेले. दोन बादल्या काढल्या, लिंबाच्या बुडाशी ओतल्या. रस्त्यावर आले. जीप भरलेली, सगळी माणसं माझ्याकडं बघतायत, मालक खिडकीतून ओट्याकडं बघतायत, तिथं कुणी नाय. मी कमरेवर हात ठेवले. तोंडातून आवाजच निघंना. निघाला तो उंदरासारखा.

आतून आत्याबाई ओरडल्या, "ऐकू नाय आलं!"

मग मी डोळे गच्च मिटले. सव्वीस वर्षांत न घेतलेलं सगळं एकदम घेतलं. "कडूऽऽ! जा, मर तिकडं!"

डोळे उघडले तर मालक माझ्याकडं तोंड उघडं टाकून बघत होते. त्यांचे कान लाल झालेले मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितले. मग हॉर्न वाजला. एकदा नाय, तीनदा. गाडी हलली आणि वळणावरून दिसंनाशी झाली.

पारावरून सर्जेराव उठून ओरडला, "अभयसाहेबांना सांगा, विरोधात दोन!"

मी त्याला यादीतली अकरा नंबरची दिली, अगदी मोठ्यानं, आणि दहा बादल्या भरायला हातपंपाकडं वळले.